स्वीडिश कादंबरीकार आणि कवी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वीडिश साहित्याकडे वळू पाहणारे मराठी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात गेला असेल, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्वीडिश साहित्य म्हणजे नेमके कोणाचे साहित्य? इब्सेन स्वीडिशच होते ना?

नाही, हेन्रिक इब्सेन नॉर्वेचे. १८१४ ते १९०५ या काळात नॉर्वे आणि स्वीडन एकाच राजाच्या छत्राखाली होते, त्यामुळे हा घोटाळा होतो; पण दोन्ही देशांच्या भाषा वेगळ्या, वाचक वेगळे आणि साहित्याच्या परंपराही वेगळ्या राहिल्या. नाट्यमन्वंतर या संस्थेने १९३३ मध्ये रंगभूमीवर आणलेले ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक ज्यांच्या नाटकावर आधारलेले होते, ते ब्यर्न्सन हेही नॉर्वेचेच. परीकथांचे अँडरसन डेन्मार्कचे. या पानावर ‘स्वीडिश साहित्य’ म्हणजे स्वीडिश भाषेत लिहिलेले साहित्य, असा अर्थ घेतला आहे. देशाच्या सीमेपेक्षा भाषेची सीमा धरली, की फिनलंडमधील काही फार मोठी नावे आत येतात (प्रश्न ११ पाहावा), आणि स्वीडनची नागरिक असलेली एक नोबेलविजेती कवयित्री बाहेर राहते (प्रश्न १७ पाहावा).

२. या लेखकांची नावे मराठीत कशी लिहावीत आणि कशी उच्चारावीत?

स्वीडिश उच्चाराचे दोन-तीन नियम लक्षात ठेवले तरी बरेच काम होते. ‘लागरलोव’ या आडनावाच्या शेवटी रोमन लिपीत ‘एफ’ असला, तरी त्याचा उच्चार ‘व’ होतो. ‘यॉस्ता’ हे नाव रोमन लिपीत ‘जी’ने सुरू होते, पण त्या स्वरापुढे ‘ग’चा ‘य’ होतो. स्ट्रिंडबर्ग यांच्या आडनावातील शेवटचा ‘ग’ही स्वीडिश माणूस ‘य’सारखाच म्हणतो, मात्र मराठीत ‘स्ट्रिंडबर्ग’ हे रूप इतके रुळले आहे, की ते बदलण्याचा आग्रह येथे धरलेला नाही. रुळलेले रूप तसेच ठेवावे आणि जेथे ते नाही तेथे मूळ उच्चाराच्या जवळ जावे, एवढेच धोरण आहे.

३. सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करावी? नोबेलविजेत्यांच्या यादीने जावे का?

यादीने जाऊ नये, असे मनापासून सांगावेसे वाटते. नोबेल मिळालेले सात स्वीडिश साहित्यिक असे : सेल्मा लागरलोव (१९०९), वेर्नर फॉन हेडेन्स्टाम (१९१६), एरिक आक्सेल कार्लफेल्ट (१९३१), पेर लागरक्विस्ट (१९५१), एविंद योन्सन आणि हॅरी मार्टिनसन (१९७४, विभागून) आणि टूमास ट्रान्स्ट्रोमर (२०११). यांपैकी हेडेन्स्टाम आज त्यांच्या देशातही फारसे वाचले जात नाहीत. उलट ऑगस्ट स्ट्रिंडबर्ग, कारिन बोये, एदिथ सॉदरग्रान, स्टिग डागरमन ही नावे या यादीत नाहीतच.

कादंबरी आवडत असेल तर यालमार सॉदरबेरी यांच्या ‘डॉक्टर ग्लास’ (१९०५) पासून आरंभ करावा. स्टॉकहोममधील एक एकाकी डॉक्टर एका उन्हाळ्यात रोजनिशी लिहितो. त्याच्याकडे येणाऱ्या एका तरुण स्त्रीला आपल्या वयस्क धर्मोपदेशक नवऱ्याचा स्पर्श असह्य झालेला आहे. आणि तिची सुटका करण्यासाठी त्या नवऱ्याला मारणे योग्य ठरेल का, असा विचार डॉक्टर शांतपणे करू लागतो. पुस्तक लहान आहे आणि त्याची भाषा स्वच्छ, थंड पाण्यासारखी आहे. त्यानंतर लागरक्विस्ट यांची ‘बाराब्बास’ (१९५०) घ्यावी. येशूऐवजी ज्याला सोडून देण्यात आले, त्या गुन्हेगाराच्या पुढच्या आयुष्याची ही कथा आहे. श्रद्धा ठेवावीशी वाटते पण ठेवता येत नाही, अशा माणसाचे इतके प्रामाणिक चित्र क्वचितच सापडते. कविता वाचणाऱ्यांनी थेट ट्रान्स्ट्रोमर यांच्याकडे जावे (प्रश्न १३ पाहावा).

४. सेल्मा लागरलोव कोण होत्या? नोबेल मिळवणारी पहिली महिला लेखिका एवढेच माहीत आहे.

त्यांचा जन्म १८५८ मध्ये पश्चिम स्वीडनमधील व्हॅर्मलांड प्रांतात, मोरबाका नावाच्या वाड्यावर झाला. लहानपणापासून कमरेच्या दुखण्यामुळे त्या लंगडत चालत. इतर मुले बाहेर हुंदडत असताना आजीच्या आणि घरातील मोठ्या माणसांच्या तोंडच्या गोष्टी ऐकत बसणे, हे त्यांचे बालपण. पुढे त्या शिक्षिका झाल्या आणि दक्षिणेतील लांड्सक्रूना या गावी मुलींच्या शाळेत त्यांनी दहा वर्षे शिकवले. दरम्यान वडील वारले, घर कर्जात बुडाले आणि मोरबाका विकावे लागले. ‘यॉस्ता बेर्लिंगची कहाणी’ (१८९१) ही पहिली कादंबरी याच काळात लिहिली गेली. तिची काही प्रकरणे त्यांनी ‘इदून’ या साप्ताहिकाच्या स्पर्धेला पाठवली होती आणि १८९० मध्ये ती पहिली आली होती. त्या वेळी सगळीकडे वास्तववादाचा बोलबाला होता. लागरलोव यांनी मात्र दारूपायी धर्मोपदेशकाचे पद गमावलेला एक देखणा तरुण, त्याच्याभोवतीचे बेफिकीर सरदार, बर्फात मागे लागलेले लांडगे आणि सैतानाशी केलेला करार असले सगळे साहित्य घेतले, आणि ते गावच्या पारावर सांगावे तशा भरदार आवाजात मांडले.

१९०९ चा पुरस्कार त्यांना सहजी मिळाला नाही. साहित्याचे नोबेल देणाऱ्या स्वीडिश अकादमीचे तेव्हाचे कायमचे सचिव कार्ल दाविद आफ वीर्सेन यांचा त्यांना कडवा विरोध होता. पुरस्काराच्या रात्री मेजवानीत त्यांनी केलेले भाषण मात्र वाचकाने शोधून वाचावेच असे आहे. त्यांनी तेथे एक गोष्टच सांगितली. स्टॉकहोमला जाणाऱ्या आगगाडीत आपण बसलो आहोत, अंधार पडला आहे, आणि ही गाडी थेट स्वर्गात वडिलांकडे गेली तर काय होईल, असे त्यांच्या मनात येते. वडील व्हरांड्यात झुलत्या खुर्चीत बसलेले आहेत. मुलगी म्हणते, ‘बाबा, मी कर्जात आहे.’ मग ती देणी मोजते : ज्यांनी गोष्टी सांगितल्या त्या म्हाताऱ्यांचे, गावोगाव भटकणाऱ्या अवलियांचे, आधीच्या लेखकांचे, वाचकांचे, आणि आता एवढा मोठा मान देणाऱ्यांचे. हे सगळे कसे फेडायचे? स्वर्गात किंवा पृथ्वीवर कोणालाच सुटणार नाही अशा प्रश्नावर मी डोके शिणवणार नाही, तुला पुरस्कार मिळाला याचाच मला आनंद आहे, असे वडील सांगतात. ज्या मुलीच्या घरावर खऱ्या कर्जापायी पाणी सोडावे लागले होते, तिने हे रूपक निवडावे, यात किती काय सामावले आहे!

मोरबाकाचे घर त्यांनी १९०७ मध्ये आणि नोबेलनंतर त्याची सर्व जमीनही परत विकत घेतली. १९१४ मध्ये त्या स्वीडिश अकादमीच्या पहिल्या महिला सदस्य झाल्या. मार्च १९४० मध्ये मोरबाकालाच त्यांचे निधन झाले.

५. ‘नील्स होल्गेर्सन’ हे मुळात शाळेचे पुस्तक होते, हे खरे का?

खरे आहे. प्राथमिक शिक्षकांच्या संघटनेला मुलांसाठी देशाच्या भूगोलाचे वाचनाचे पुस्तक हवे होते आणि त्यांनी ते काम लागरलोव यांच्याकडे सोपवले. प्रांतांची आणि नद्यांची जंत्री मुलांच्या गळी उतरणार नाही, हे शिक्षिका म्हणून त्यांना ठाऊक होते. त्यांनी प्राण्यांना छळणारा एक खोडकर मुलगा घेतला, घरातल्या बुटक्या देवचाराकडून त्याला शाप देववून अंगठ्याएवढा केला, आणि हंसाच्या पाठीवर बसवून रानहंसांच्या थव्याबरोबर दक्षिणेच्या स्कोने प्रांतापासून उत्तरेच्या लाप्लांडपर्यंत उडवले. पुस्तक १९०६ आणि १९०७ मध्ये दोन भागांत निघाले, आणि त्या सुमारास शाळांसाठी मंजूर झालेली नवी शुद्धलेखनपद्धती वापरणाऱ्या पहिल्या पुस्तकांत त्याची गणना होते. हालांड या किनारपट्टीच्या प्रांताला मात्र त्यात स्वतंत्र प्रकरण मिळाले नाही, आणि तेथील लोक ही तक्रार आजही सांगतात.

६. ऑगस्ट स्ट्रिंडबर्ग यांना नोबेल का मिळाले नाही?

मुख्य कारण प्रश्न ४ मध्ये येऊन गेले आहे : वीर्सेन. त्यांच्या मते साहित्याने आदर्शाकडे न्यावे, आणि स्ट्रिंडबर्ग यांनी तर १८७९ च्या ‘लाल खोली’ या कादंबरीपासून सरकारी कचेऱ्या, वृत्तपत्रे, धर्मसंस्था आणि खुद्द अकादमी यांपैकी कोणालाही सोडले नव्हते. १८८४ मध्ये ‘विवाहित’ या कथासंग्रहातील एका उल्लेखावरून त्यांच्यावर धर्मनिंदेचा खटला भरण्यात आला; त्यासाठी ते परदेशातून स्टॉकहोमला आले आणि निर्दोष सुटले. त्यांच्या ‘मिस ज्युली’ (१८८८) या नाटकाचा पहिला प्रयोगही मायदेशी झाला नाही. कोपनहेगनमध्ये तेथील सेन्सॉरने बंदी घातल्यावर १८८९ मध्ये तो विद्यार्थी संघात खाजगीरीत्या करावा लागला.

लोकांनी मात्र वेगळा निवाडा केला. स्ट्रिंडबर्ग आयुष्याच्या अखेरीस स्टॉकहोममधील द्रोटनिंगगातान या रस्त्यावर राहत. त्या घराला त्यांनी ‘निळा मनोरा’ असे नाव दिले होते. २२ जानेवारी १९१२ रोजी त्यांच्या ६३ व्या वाढदिवशी कामगार आणि विद्यार्थी मशाली घेऊन त्या घरासमोरून गेले आणि आजारी स्ट्रिंडबर्ग सज्जात उभे राहून ते पाहत होते. त्याच वर्षी लोकवर्गणीतून सुमारे ४५ हजार क्रोनर जमवून त्यांना देण्यात आले. अनेकांनी अगदी थोडके पैसे दिले होते, आणि हेच खरे नोबेल असे लोक म्हणत. त्यांनी त्यातला मोठा वाटा वाटून टाकला. १४ मे १९१२ रोजी ते वारले. ते घर आता संग्रहालय आहे.

७. स्ट्रिंडबर्ग स्त्रीद्वेष्टे होते असे ऐकले आहे. मग त्यांना का वाचावे?

त्यांच्या लेखनात स्त्रियांविषयी अत्यंत कडवट, अन्यायकारक मजकूर आहे, हे झाकण्याचे कारण नाही. तिन्ही विवाह मोडले, आणि विशेषतः पहिल्या पत्नी सिरी फॉन एसेन यांच्याशी चाललेला संघर्ष त्यांनी पुस्तकांत उतरवला, तोही एकतर्फी. पण ज्या ‘विवाहित’ संग्रहावर खटला झाला, त्याच्याच प्रस्तावनेत त्यांनी स्त्रियांना मतदानाचा हक्क आणि मुलामुलींना एकसारखे शिक्षण मागितले होते, हेही तितकेच खरे आहे. हा माणूस एका मताचा नव्हता. एका मोलकरणीचा मुलगा म्हणून स्वतःकडे पाहणारे स्ट्रिंडबर्ग (आत्मचरित्राचे नावच त्यांनी ‘मोलकरणीचा मुलगा’ असे ठेवले) वरच्या आणि खालच्या वर्गांतील ओढाताण स्वतःच्या रक्तात वागवत होते. म्हणूनच ‘मिस ज्युली’मध्ये मालकाची मुलगी आणि नोकर यांच्यातील एका रात्रीचा खेळ आजही अंगावर येतो. ज्यांना हा कडवटपणा नको आहे, त्यांनी ‘हेम्सच्या बेटावरची माणसे’ (१८८७) ही स्टॉकहोमच्या द्वीपसमूहातील शेतकरी-कोळ्यांची खेळकर कादंबरी घ्यावी. ‘स्वप्ननाटक’ (१९०२) वाचताना भारतीय वाचकाला आणखी एक गोष्ट जाणवेल : माणसांची दुःखे पाहायला पृथ्वीवर उतरलेली त्यातील नायिका ही इंद्राची कन्या आहे.

८. ‘श्रमिकांचे साहित्य’ स्वीडनमध्ये इतके महत्त्वाचे का मानले जाते?

कारण १९३० च्या दशकात तेथील साहित्याचा मध्य खरोखरच सरकला. त्याआधी लेखक म्हणजे विद्यापीठात शिकलेला माणूस, हे गृहीत होते. या दशकात जे पुढे आले, त्यांतल्या बहुतेकांची शाळा तेराव्या-चौदाव्या वर्षीच सुटली होती. एविंद योन्सन उत्तरेत लाकडे वाहून नेणाऱ्या नदीवर आणि लाकूडकापणीच्या गिरणीत राबले. हॅरी मार्टिनसन यांचे वडील ते लहान असताना वारले, आई मुलांना मागे ठेवून अमेरिकेला निघून गेली, आणि ते गावच्या खर्चाने परक्या शेतकऱ्यांच्या घरी, एकाकडून दुसऱ्याकडे, वाढले. ‘खाजकुइली फुलते’ (१९३५) ही कादंबरी याच बालपणाची आहे.

ईवार लू-योहान्सन यांचे आईवडील ‘स्टातारे’ होते. हा शब्द समजून घेतल्याशिवाय या साहित्याचे मर्म कळत नाही. मराठीत त्याच्या जवळचा शब्द सालगडी हाच. वर्षाच्या कराराने सहकुटुंब जमीनदाराच्या शेतावर राहायचे, मजुरीचा मोठा भाग धान्य, दूध, बटाटे अशा रूपात घ्यायचा, आणि बायकोलाही मालकाच्या गोठ्यात धारा काढायला जुंपायचे, असा तो रिवाज होता. ऑक्टोबरअखेर करार संपे आणि कित्येक कुटुंबे बोचकी बांधून दुसऱ्या वाड्यावर निघत. लू-योहान्सन यांच्या लेखनाने या प्रथेकडे साऱ्या देशाचे लक्ष वेधले आणि १९४५ मध्ये ती बंद झाली.

मूआ मार्टिनसन (१८९०–१९६४) यांचा उल्लेख अनेकदा हॅरी यांच्या पहिल्या पत्नी म्हणूनच केला जातो, आणि तो अन्याय आहे. कापडगिरणीत राबणाऱ्या एका अविवाहित मजूर स्त्रीची ही मुलगी. १९२५ मध्ये तिचे दोन लहान मुलगे बर्फाळ तळ्यात बुडाले, त्यानंतर पहिल्या नवऱ्याने आत्महत्या केली. हे सगळे सोसून चाळिशी ओलांडल्यावर तिने ‘बाया आणि सफरचंदाची झाडे’ (१९३३) ही पहिली कादंबरी प्रसिद्ध केली. बाळंतपण, भाकरी, धुणे, दारुडा नवरा आणि शेजारणींची सोबत या गोष्टी स्वीडिश कादंबरीत अशा आतून तोवर आल्या नव्हत्या. ‘आई लग्न करते’ (१९३६) तर लहान मुलीच्या नजरेतून लिहिलेली आहे आणि मराठी वाचकाला ती चटकन आपलीशी वाटेल.

याच पिढीचे व्हिल्हेल्म मूबेरी यांनी स्मोलांडच्या दगडाळ रानातून अमेरिकेला गेलेल्या शेतकऱ्यांवर चार कादंबऱ्या लिहिल्या (१९४९–१९५९). एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९३० पर्यंत सुमारे १२ ते १३ लाख स्वीडिश लोक देश सोडून गेले. त्या आकड्यामागची माणसे म्हणजे मूबेरी यांचे कार्ल ओस्कार आणि क्रिस्तिना.

९. ‘अनियारा’ ही विज्ञानकथा आहे की कविता?

दोन्ही. हॅरी मार्टिनसन यांचे १९५६ चे हे १०३ सर्गांचे दीर्घकाव्य आहे. किरणोत्साराने नासलेल्या पृथ्वीवरून आठ हजार माणसे मंगळाकडे निघतात, यान मार्गावरून ढळते आणि वीणामंडळाच्या दिशेने कायमचे भरकटते. यानात ‘मीमा’ नावाचे एक यंत्र आहे. ते प्रवाशांना पृथ्वीची दृश्ये दाखवून धीर देते. पण पृथ्वीवरील डोरिसबर्ग हे शहर जळताना पाहिल्यावर ते यंत्र दुःखाने निकामी होते. यंत्राला शोक अनावर व्हावा आणि माणसे नाचत राहावीत, ही कल्पना अणुबॉम्बच्या छायेतील कवीला सुचली. कार्ल-बिर्गर ब्लूमदाल यांनी त्यावर रचलेली संगीतिका १९५९ मध्ये रंगमंचावर आली.

१०. १९७४ च्या नोबेलवरून वाद का झाला?

मार्टिनसन आणि योन्सन हे दोघेही पुरस्कार देणाऱ्या अकादमीचेच सदस्य होते. त्यामुळे स्वीडनमध्ये जोरदार टीका झाली. टीका पद्धतीवर असेल तर ती समजण्यासारखी आहे. पण तिचा रोख पुष्कळदा त्यांच्या लेखनाच्या मोलावर गेला, आणि ते ‘अनियारा’ वाचलेल्या माणसाला पटणार नाही. योन्सन १९७६ मध्ये वारले आणि मार्टिनसन यांनी १९७८ मध्ये रुग्णालयात असताना आपले जीवन संपवले.

११. एदिथ सॉदरग्रान फिनलंडच्या आणि तूवे यान्सनही फिनलंडच्या. मग त्या स्वीडिश साहित्यात कशा?

फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनच्या राज्याचा भाग होता आणि तेथे स्वीडिश बोलणारा समाज आजही आहे. स्वीडिश ही तेथील दुसरी राष्ट्रभाषा आहे. फिनलंडचे राष्ट्रकवी रूनेबेरी यांनी राष्ट्रगीताचे शब्द स्वीडिशमध्येच लिहिले. मूमिनच्या गोष्टी लिहिणाऱ्या यान्सन यांची भाषाही स्वीडिश.

सॉदरग्रान यांच्याविषयी थोडे अधिक सांगायला हवे. १८९२ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे जन्म, तेथील जर्मन शाळेत शिक्षण, घरी स्वीडिश, रस्त्यावर रशियन, आणि पहिल्या कविता मुख्यतः जर्मन भाषेत! वडील क्षयाने गेले आणि सोळाव्या वर्षी तोच रोग त्यांना जडला. काही काळ स्वित्झर्लंडमध्ये दावोस येथे उपचार झाले. उरलेले आयुष्य सीमेजवळच्या राइव्होला या खेड्यात आईबरोबर गेले. रशियन क्रांतीत कुटुंबाची सगळी पुंजी बुडाली आणि अखेरची वर्षे अन्नाच्या टंचाईत काढावी लागली. १९१६ चा ‘कविता’ हा पहिला संग्रह मुक्तछंदात होता. यमकाची सवय असलेल्या समीक्षकांपैकी काहींनी त्याची टर उडवली, आणि १९१८ च्या दुसऱ्या संग्रहानंतर तर कवयित्रीच्या मनाच्या स्वास्थ्याविषयीही वर्तमानपत्रांतून शंका घेतल्या गेल्या. १९२३ मध्ये, ऐन उन्हाळी सणाच्या दिवशी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्या गेल्या. नॉर्डिक देशांतील आधुनिक कविता येथून सुरू होते, असे आता सर्वजण मानतात. राइव्होला आज रशियात आहे आणि त्यांच्या थडग्याची नेमकी जागा उरलेली नाही.

१२. कारिन बोये यांची कळ्यांवरची कविता एवढी प्रसिद्ध का आहे?

कळ्या उमलताना त्यांना दुखतेच, नाहीतर वसंत एवढा का रेंगाळला असता, असा प्रश्न तिच्या पहिल्याच ओळींत येतो. ‘झाडासाठी’ (१९३५) या संग्रहातली ही कविता स्वीडनमध्ये लहानथोरांना पाठ असते. उमलणे म्हणजे केवळ आनंद, ही रूढ कल्पना बाजूला सारून बोये उमलण्याच्या आधीची भीती पाहतात : फांदीवर लोंबणारा थेंब आपल्याच वजनाने खाली ओढला जातो, तरी फांदीला घट्ट धरून राहतो. मग एका क्षणी तो पडतो, आणि पडताना आपल्याला भीती वाटत होती हेच विसरतो. त्यांची ‘कालोकाईन’ (१९४०) ही कादंबरी अगदी वेगळ्या जातीची आहे. सर्वंकष राज्यातील एक रसायनतज्ज्ञ माणसाला खरे बोलायला लावणारे औषध शोधतो आणि त्यातून शासनाला नको असलेली सत्ये बाहेर पडू लागतात. बोये यांनी १९४१ च्या एप्रिलमध्ये आपले जीवन संपवले.

१३. ट्रान्स्ट्रोमर यांची वाचा गेल्यानंतरही त्यांनी कविता लिहिल्या का?

हो. १९९० मध्ये पक्षाघाताने त्यांचे बोलणे जवळजवळ थांबले आणि शरीराची उजवी बाजू लुळी पडली. त्यानंतर ‘शोकनौका’ (१९९६) आणि ‘मोठे कोडे’ (२००४) हे संग्रह आले. दुसऱ्यात बहुतेक हायकू आहेत. बोलता येईना म्हणून ते हायकूकडे वळले, असे सांगितले जाते, पण ते पुरेसे खरे नाही. १९५९ मध्येच त्यांनी बाल गुन्हेगारांच्या तुरुंगावर हायकू लिहिले होते.

ते व्यवसायाने मानसशास्त्रज्ञ होते. लिनशॉपिंगजवळच्या रोक्सतूना येथील तरुण कैद्यांच्या संस्थेत त्यांनी काम केले, नंतर वेस्टेरोस येथे. त्यांची सगळी कविता एका बेताच्या जाडीच्या पुस्तकात मावते. १९५४ च्या पहिल्याच संग्रहातील पहिली ओळ जाग येण्याला स्वप्नातून मारलेली पॅराशूटची उडी म्हणते. ही प्रतिमा थांबून पाहावी : आपण झोपेतून वर येतो अशी आपली समजूत, आणि कवी मात्र आपल्याला खाली, हिरव्या सकाळीकडे उतरवतो. दिशाच उलटली, की रोजची सकाळ पहिल्यांदा दिसल्यासारखी दिसते.

पियानो त्यांचा जन्माचा सोबती. उजवा हात गेल्यावर ते फक्त डाव्या हातासाठी रचलेल्या कृती वाजवत राहिले आणि संगीतकारांनी त्यांच्यासाठी तशा नव्या कृतीही रचल्या. २०१५ मध्ये ते वारले.

१४. स्वीडिश साहित्य सगळे असेच उदास आहे का?

असे वाटणे स्वाभाविक आहे. स्टिग डागरमन यांनी विशीत चार कादंबऱ्या, नाटके आणि युद्धोत्तर जर्मनीवरील ‘जर्मन शरद’ (१९४७) हे असामान्य वार्तांकन लिहिले, आणि एकतिसाव्या वर्षी, १९५४ मध्ये, त्यांनी आत्महत्या केली. पण अठराव्या शतकातील कार्ल मिकाएल बेलमान यांनी स्टॉकहोमच्या गुत्त्यांतील माणसांवर रचलेली गाणी आजही मैफलीत गातात. गुस्ताव फ्रोडिंग यांच्या व्हॅर्मलांडच्या कवितांत खेड्यातील नाचगाणे आणि थट्टामस्करी भरभरून आहे, आणि ती थट्टा लिहिणारा माणूस मनोरुग्णालयांत दीर्घकाळ राहिला होता. फ्रान्स बेंग्टसन यांची व्हायकिंगांवरील ‘तांबडा ओर्म’ (१९४१ आणि १९४५) वाचताना तर हसू आवरत नाही.

१५. अॅस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या एका गोष्टीमुळे सरकार पडले, हे खरे का?

एवढे सरळ नाही. १९७६ मध्ये बालकथांतील पिप्पी या मुलीच्या जनक लिंडग्रेन यांना आपल्या वाढीव उत्पन्नावर १०२ टक्के दराने कर बसतो असे दिसले; त्यांनी ‘एक्सप्रेसन’ या दैनिकात ‘पोम्पेरिपोसा’ नावाची परीकथा लिहून या कराचा समाचार घेतला. अर्थमंत्र्यांनी त्यांच्या हिशेबावर बोट ठेवले, मग आपण कामांची अदलाबदल करावी असे त्या म्हणाल्या, आणि हिशेब त्यांचाच बरोबर निघाला. त्याच वर्षी चाळीस वर्षे सत्तेवर असलेला सोशल डेमोक्रॅटिक पक्ष निवडणूक हरला. अणुऊर्जेसारखे इतर मुद्देही तेव्हा ऐरणीवर होते, त्यामुळे गोष्टीचा वाटा होता, इतकेच म्हणावे. १९७८ मध्ये जर्मनीत शांतता पुरस्कार घेताना त्यांनी मुलांवर हात उगारू नये यावर भाषण केले. पुढच्याच वर्षी स्वीडनने मुलांना मारण्यावर कायद्याने बंदी घातली. असा कायदा करणारा तो जगातील पहिला देश.

१६. स्वीडिश अकादमीचा आणि रवींद्रनाथांचा नेमका संबंध काय?

राजा गुस्ताव तिसरा याने १७८६ मध्ये स्थापन केलेल्या अकादमीत अठरा सदस्य असतात. साहित्याचे नोबेल ही अकादमी देते. १९१३ मध्ये ‘गीतांजली’ वाचून भारावलेल्या हेडेन्स्टाम यांनी रवींद्रनाथांचा जोरदार पुरस्कार केला आणि त्याचे वजन पडले. म्हणजे प्रश्न ३ मध्ये ज्यांच्याविषयी आम्ही थोडे कठोर लिहिले, त्यांचे भारतीय वाचकावर हे ऋण आहेच. रवींद्रनाथांनी स्टॉकहोमला जाऊन भाषण केले ते १९२१ मध्ये.

अपवाद म्हणून कार्लफेल्ट यांचे प्रकरण विचारले जाते : मरणोत्तर नोबेल कसे? ते अकादमीचे सचिव होते आणि हयातीत त्यांनी पुरस्कार नाकारला होता. एप्रिल १९३१ मध्ये ते वारल्यावर त्याच वर्षी तो त्यांना दिला गेला. १९७४ पासून मरणोत्तर निवड नियमाने बंद आहे. दुसरा प्रसंग १९८९ चा : सलमान रश्दी यांच्याविरुद्धच्या फतव्याचा अकादमीने स्पष्ट निषेध केला नाही, म्हणून कादंबरीकार शेश्टिन एकमान यांनी तिच्या कामात भाग घेणे थांबवले. तेव्हा सदस्यत्व आमरण असे, त्यामुळे त्यांची खुर्ची कित्येक वर्षे नुसतीच रिकामी राहिली. राजीनाम्याची सोय २०१८ मध्ये झाली.

१७. नेली साक्स यांना स्वीडिश कवयित्री म्हणावे का?

भाषेच्या कसोटीवर नाही. त्या बर्लिनच्या ज्यू कुटुंबातल्या, आणि लागरलोव यांच्याशी त्यांचा लहानपणापासून पत्रव्यवहार होता. त्या ओळखीच्या मदतीने १९४० मध्ये त्या आईसह स्टॉकहोमला निसटल्या. पण त्या पोचल्या तेव्हा लागरलोव हयात नव्हत्या. १९६६ चे नोबेल विभागून मिळाले तेव्हा त्या स्वीडनच्या नागरिक होत्या, पण शेवटपर्यंत जर्मनमध्येच लिहीत राहिल्या. याउलट ग्रीसमधून १९६४ मध्ये आलेले थिओडोर कालिफातिदेस प्रौढपणी शिकलेल्या स्वीडिशमध्ये लिहून स्वीडिश लेखक झाले.

१८. गुन्हेकथांना या परंपरेत स्थान आहे का?

आहे, आणि ते मानाचे आहे. माय शोवाल आणि पेर व्हालो या जोडप्याने १९६५ ते १९७५ मध्ये मार्टिन बेक या पोलीस अधिकाऱ्यावर दहा कादंबऱ्या लिहिल्या. मुले झोपल्यावर रात्री, एक प्रकरण एकाने आणि दुसरे दुसऱ्याने, अशी त्यांची पद्धत होती. गुन्ह्याच्या आडून कल्याणकारी राज्याची चिकित्सा करण्याचा जो पायंडा त्यांनी पाडला, तोच हेनिंग मानकेल यांनी पुढे नेला. स्टीग लार्सन २००४ मध्ये वारले आणि त्यांची पहिली कादंबरी २००५ मध्ये आली. वैध मृत्युपत्र नसल्याने आणि लग्न झालेले नसल्याने त्यांच्या दीर्घकालीन सहचरीला वारसाहक्काने काही मिळाले नाही.

१९. एखाद्या पुस्तकाचा मराठी अनुवाद करायचा आहे. परवानगी लागते का?

लेखक कधी वारला यावर ते अवलंबून आहे. स्वीडनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे आणि भारतात ६० वर्षे हक्क टिकतो; मुदत मृत्यूच्या पुढील वर्षापासून मोजतात. लागरलोव, स्ट्रिंडबर्ग, सॉदरग्रान, बोये, सॉदरबेरी आणि डागरमन यांचे मूळ लेखन आता दोन्हीकडे खुले आहे. मार्टिनसन, लिंडग्रेन, ट्रान्स्ट्रोमर यांच्यासाठी प्रकाशकाकडून परवानगी घ्यावीच लागेल. येथे एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते : मूळ पुस्तक खुले असले तरी त्याचा अलीकडचा इंग्रजी अनुवाद खुला नसतो. इंग्रजीवरून मराठी करणार असाल तर त्या इंग्रजी अनुवादकाचा हक्क तपासावा लागतो.

मूळ स्वीडिश मजकूर १९९२ पासून चालू असलेल्या ‘प्रोजेक्ट रूनेबेरी’ या संकेतस्थळावर मोफत मिळतो. जुन्या आवृत्त्यांची पाने तेथे जशीच्या तशी पाहता येतात. स्वीडिशमधून थेट अनुवाद करणाऱ्यांना तेथील कला परिषद अनुदान देते आणि त्यासाठी अर्ज प्रकाशकामार्फत करावा लागतो. थोडी जर्मन येत असेल तर स्वीडिश वाचण्यापुरती शिकणे फार अवघड जात नाही, आणि आरंभाला नील्स होल्गेर्सनसारखे सोपे पुस्तक नाही, कारण ते मुळात नऊ वर्षांच्या मुलांना वाचता यावे म्हणूनच लिहिलेले आहे.